इफ्तारचं ताट आणि अंगातली धग

'रमजान' हा शब्द अरबीतल्या ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ रखरखीत उष्णता, पाय भाजणारी तापलेली जमीन. या महिन्यात माणसाची पापं, त्याचा अहंकार, त्याची हाव जळून जावी, असा त्याचा अर्थ उलेमा सांगतात. उर्दूत आणखी एक शब्द आहे, 'सोजिश'. तोही जळण्यातूनच आलेला. फारसीत 'सोज' म्हणजे जळणं, धग. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात, त्याला उर्दूत सोजिश म्हणतात आणि मराठीत दाह. दोन्ही भाषांना एकच गोष्ट जाणवली, की अंगात काहीतरी पेटलेलं आहे.

रोजाचं धार्मिक महत्त्व या पानावर नेहमी लिहिलं जातं. आज थोडं रोजा सुटल्यानंतरच्या ताटाविषयी. कारण सूर्योदयापूर्वीपासून सूर्यास्तापर्यंतचे तेरा-साडेतेरा तास आपण काही खात नाही, ही इबादत झाली. पण उरलेल्या दहा-अकरा तासांत आपण जे खातो, ते ही धग विझवतं की तिच्यात तेल ओततं? हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. नवी मुंबईत नेरूळच्या सोसायटीत राहणाऱ्या जोशींचा, करावे गावातल्या आगरी कुटुंबाचा आणि तळोज्यातल्या कोकणी मुस्लीम घराचा मधुमेह एकाच जातीचा असतो.

दाह म्हणजे नेमकं काय?

बोट कापलं, की ते लाल होतं, गरम लागतं, सुजतं आणि दुखतं. रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दाहाची हीच चार लक्षणं लिहून ठेवली. हा दाह आपला मित्र आहे. जंतू आत शिरले, की शरीर पांढऱ्या पेशींची फौज तिथे पाठवतं, लढाई होते, चार-आठ दिवसांत जखम भरते आणि फौज बराकीत परत जाते.

अडचण होते ती फौज परत न गेल्यावर. पोटावरची चरबी, तंबाखू, अपुरी झोप, दिवसभर बसून राहणं, सततचं तळलेलं आणि गोड खाणं, या सगळ्यांमुळे शरीरात एक मंद दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो. तो दुखत नाही, सूजही दिसत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतो, इन्सुलिनचं काम बिघडवतो, यकृतात चरबी साठू देतो. रक्तातल्या सीआरपी नावाच्या प्रथिनाच्या तपासणीत त्याचा थोडाफार माग लागतो. हे प्रथिन यकृत तयार करतं आणि दाह वाढला की ते वाढतं.

हृदयविकाराचा दोष बरीच वर्षं सगळा कोलेस्टेरॉलच्या माथी मारला जात होता. २०१७ मध्ये 'कॅन्टोस' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांवर ती झाली. दिलेलं औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नव्हतं, ते फक्त दाह कमी करत होतं. तरीही पुढचे झटके आणि त्यासारख्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. दाह हा हृदयविकाराचा साक्षीदार नसून त्याच्यातला एक आरोपी आहे, हे त्यातून दिसलं. औषध मात्र फार महाग, आणि त्याने गंभीर जंतुसंसर्गाचा धोकाही वाढला. म्हणून ते सरसकट कोणाला देत नाहीत. सर्वसामान्य माणसाच्या हातात राहतं ते रोजचं ताट, चालणं, झोप आणि तंबाखू सोडणं.

पुण्याच्या डॉक्टरांनी दाखवलेला आरसा

"मी कुठे जाड आहे? मला कशाला मधुमेह होईल?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याला उत्तर पुण्यातून मिळालं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं शेजारी शेजारी उभं असलेलं छायाचित्र छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याने दोघांना एकच गुण दिले होते, शरीराने नाही.

याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतीत बारीक होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 'बारीक पण चरबीदार' भारतीयाची गोष्ट अशी पाळण्यापासून सुरू होते. पुढे याच गटाने पुणे परिसरातल्या खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले. खेड्यातल्या पुरुषांच्या तुलनेत शहरात राहणाऱ्यांत चरबी आणि दाहाच्या खुणा, दोन्ही जास्त होत्या.

चरबी ही नुसती साठवणीची पोती नाहीत. पोटाच्या आतली चरबी दाह वाढवणारी रसायनं सतत रक्तात सोडत असते. म्हणून आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला मागे फिरता येतं. ताटाचा विषय म्हणून महत्त्वाचा.

उपवास काय करतो आणि काय करत नाही

रमजान आला, की मोबाइलवर एक संदेश फिरायला लागतो. जपानच्या शास्त्रज्ञाला उपवासाचे फायदे शोधल्याबद्दल नोबेल मिळालं, असं त्यात लिहिलेलं असतं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं हे खरं. पण त्यांचं काम पेशी स्वतःतला कचरा कसा मोडून पुन्हा वापरतात, यावर होतं आणि तेही यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीवर. उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये जे घडलं, ते रोजा ठेवणाऱ्या माणसाचा मधुमेह बरा करील, असं त्यातून सिद्ध होत नाही. आपल्या इबादतीला अशा उसन्या प्रमाणपत्रांची गरजही नाही.

उपवासाचा परिणाम काहीच होत नाही, असंही नाही. जेवण पचल्यावर शरीर यकृतात साठवलेली साखर वापरतं. ती उतरू लागली, की चरबी जाळण्याचं प्रमाण वाढतं. रोजा ठेवणाऱ्या निरोगी लोकांचं रक्त तपासणारे बरेच छोटे अभ्यास झाले आहेत आणि त्यांतल्या काहींमध्ये रमजानच्या काळात दाहाची मोजमापं थोडी खाली आलेली दिसली. फायदा छोटा आहे. महिना संपल्यावर जुन्या सवयी परत आल्या, की तो विरून जातो. आणि महिना चालू असतानाच तो इफ्तारच्या दस्तरखानावर गमावताही येतो.

मराठीत म्हण आहे, 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले पापड, वर श्रीखंड. आमच्याकडे एकादशी वर्षातून सलग तीस दिवस येते, एवढाच फरक. खाण्यापिण्यात अतिरेक करू नये, अशी आज्ञा कुरआनच्या सूरह अल-आराफमध्ये स्पष्ट आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी पोटाचे तीन भाग करायला सांगितले. एक अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला. मगरिबच्या अजानीनंतर वीस मिनिटांत आपण श्वासाचा भाग समोशाला देऊन टाकतो आणि मग तरावीहच्या रकातींमध्ये वाकताना तो आठवतो.

तेल, मैदा आणि लाल शरबत

ताटातली धग वाढवणाऱ्या मुख्य गोष्टी तीन. पहिली म्हणजे पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. भजी, समोसे, कटलेट, रोल तळून उरलेलं काळपट तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा कढईत पडतं. प्रत्येक तळणीत तेल मोडतं आणि त्यात घातक संयुगं साठत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा 'पोलर' संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचं तेल खाण्याजोगं नाही. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवायची असते. घरात कोणी मोजमाप करत नाही, पण डोळे आणि नाक आहेत. तेल काळं, चिकट झालं, लवकर धूर येऊ लागला, फेस आला, की त्याचा मोह सोडावा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहारसूत्रं जाहीर केली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराशी जोडलेलं आहे, असा अंदाज त्यात दिला आहे. दोन हजार कॅलरींच्या ताटात दिवसभराचं तेल-तूप साधारण २७ ग्रॅम असावं, असं ही संस्था सांगते. म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. चार समोसे आणि एक वाटी कांदाभजी खाल्ली, की सहेरीच्या भाजीला फोडणी द्यायलाही हिशेबात तेल उरत नाही.

दुसरी गोष्ट साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, आणि शक्यतो पाच टक्क्यांखाली ठेवायला सांगते. पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. लाल शरबताचे दोन मोठे पेले, वर फालुदा आणि तरावीहनंतर मालपुवा, यात ती सहज ओलांडली जाते. रिकाम्या पोटी प्यालेलं गोड पाणी रक्तातली साखर झपाट्याने चढवतं. दिवसभर थकलेल्या स्वादुपिंडाला पहिलं काम असं मिळतं.

तिसरी गोष्ट मैदा आणि कारखान्यातलं मांस. पाव, नान, खारी, बिस्किटं यांत तंतू जवळजवळ नसतात. फ्रोझन सॉसेज, सलामी यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घरचं मटण त्या गटात नाही. पण रोज रात्री नल्ली निहारी हवीच, हा हट्टही बरा नव्हे.

मग ताटात काय असावं?

दाह कमी करणारा असा एखादाच चमत्कारी पदार्थ नसतो. सगळं ताट मिळून काम करतं. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७,४०० लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. भाज्या, फळं, कडधान्यं, मासे आणि त्यासोबत ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा असा आहार घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळल्या. २०१३ मध्ये छापलेल्या या अभ्यासात पद्धतीच्या काही चुका निघाल्या, म्हणून तो मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला गेला. निष्कर्ष साधारण तोच राहिला. याचा अर्थ आपण मॉलमध्ये जाऊन ऑलिव्ह तेलाची बाटली आणावी असा होत नाही. त्या ताटाचे मराठी नातेवाईक तुर्भ्याच्या बाजार समितीत रोज ट्रकने उतरतात.

सुरुवात खजुराने. इराणचा किमिया, मदिनेचा अजवा, कलमी, मेडजूल, जो परवडेल तो. खजुरात साखर आहे, पण तिच्यासोबत तंतू, पोटॅशियम आणि वनस्पतींतली संरक्षक द्रव्यंही आहेत. एक ते तीन खजूर पुरेत. मेडजूल मोठा असतो, मधुमेहींनी त्याचा एकच घ्यावा. मग साधं पाणी, ताक, सब्जा घातलेलं लिंबूपाणी किंवा बिनसाखरेचं कोकमाचं आगळ आणि जिरं. कलिंगड, पपई, पेरू, संत्रं यांच्या फोडी खाव्यात. रस काढला, की तंतू चोथ्यात जातात आणि साखर पेल्यात राहते.

यानंतर मगरिबची नमाज पढून यावं. हा मधला थांबा उत्तम आहे. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेवढा तो मिळतो.

परत आल्यावर शिजवलेले काळे चणे, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू. चना चाट आमच्या घरांत पूर्वीपासून आहेच, फक्त ताटात ती भज्यांच्या मागे लपलेली असते. तिला पुढे आणायचं. मूग, मसूर, मटकी, चवळी यांतले तंतू मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि त्यातून जी आम्लं तयार करतात, ती आतड्याचं अस्तर सांभाळतात आणि दाह आवरतात. गहू, डाळी आणि थोडं मांस एकत्र घोटलेला खिचडा हाही चांगलाच पदार्थ, वरचा तळलेला कांदा आणि तूप आवरलं तर. सातूच्या पिठाची, दुधात शिजवलेली 'तलबीना' ही खीर तर हदीसमध्ये आजारी माणसासाठी सांगितलेली. आज ओट्सच्या पाकिटाला जे मोल आपण देतो, ते सातूला देऊन पाहावं.

तळोजा, पनवेल, उरण भागातल्या जुन्या कोकणी मुस्लीम घरांचा आणि शेजारच्या आगरी-कोळी घरांचा स्वयंपाक बघितला, तर दोन्हीकडे तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण, कोकम आणि ओलं खोबरं. नमाज आणि आरती वेगळी असली तरी कालवण एकच. बांगडा आणि तारली या मासळीत ओमेगा-३ स्निग्धाम्लं भरपूर असतात. शरीर त्यांपासून दाह शमवणारी द्रव्यं बनवतं. आठवड्यातून दोनदा अशी मासळी खावी, असा हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. बेलापूरजवळ दिवाळ्याच्या कोळिणींकडे ती मिळते आणि पापलेट-सुरमईपेक्षा कितीतरी स्वस्त असते. फक्त ती रव्यात बुडवून तेलात सोडण्यापेक्षा कालवणात घालावी. मासळी न खाणाऱ्यांसाठी जवस आणि अक्रोड आहेत. त्यांतलं ओमेगा-३ शरीराला थोडंच वापरता येतं, तरी विदर्भाची जवसाची चटणी भाकरीबरोबर रोज एक चमचा खाल्ली, तर तंतूही मिळतात. ज्वारी आणि नाचणी पावापेक्षा केव्हाही सरस. पालेभाजी मात्र दोन्ही धर्मांच्या सणासुदीच्या ताटातून गायब असते. तिला परत बोलवायला हवं.

हळदीचा मान आणि हळदीची गोळी

दाहाचा विषय निघाला, की हळद येतेच. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'हळदीने जखम भरते' या शोधाचं पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्याला आव्हान दिलं. आमच्या आज्यांना हे आधीच माहीत होतं, एवढं म्हणून भागणार नव्हतं. जुन्या ग्रंथांतले, नियतकालिकांतले लेखी पुरावे सादर करावे लागले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं साठवली जाणारी आपली हळद त्या लढाईत जिंकली.

पण पेटंटची लढाई जिंकणं आणि मधुमेह बरा करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींवर दाह कमी करताना दिसतं. हळदीच्या पुडीत ते अवघं दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास असतं आणि पोटातून रक्तात फारच कमी जातं. मिरीतल्या पिपेरिनमुळे ते जास्त शोषलं जातं, हे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. इथेच गोळ्या-कॅप्सूल विकणाऱ्यांचं फावलं. कर्क्युमिनच्या जास्त मात्रेच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं इटलीत आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत. डाळीतली, कालवणातली हळद खुशाल खावी. आलं, लसूण, मेथी, दालचिनी यांचंही तसंच. मसाला म्हणून ते सोबती आहेत, औषध म्हणून वकील बदलायची घाई नको. हळद विकत घेताना फार भडक पिवळी नको. रंगासाठी शिशाचं क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं आपल्या उपखंडात उघडकीला आली आहेत. हळकुंडं आणून दळून घेतलेली बरी.

हेच कलौंजीबद्दल म्हणावं लागेल, आणि ते मुस्लीम लेखकानेच म्हणायला हवं. काळ्या बियांची स्तुती हदीसमध्ये आहे, म्हणून आमच्यातले काही जण रक्तदाबाची गोळी बंद करून कलौंजीचं तेल सुरू करतात. पैगंबरांनी आजारावर उपचार करून घ्यायलाही सांगितलं आहे, कारण प्रत्येक आजाराला अल्लाहने इलाज दिला आहे. ती हदीस आपण सोयीने विसरतो. कलौंजी खावी, गोळी चालू ठेवावी. दोन्हींत भांडण नाही.

सहेरी: न चुकवायचं जेवण

झोपेसाठी सहेरी सोडून देणारे, विशेषतः कॉलेजची मुलं आणि रात्रपाळी करणारे, बरेच असतात. मग पूर्ण दिवस निघतो रात्रीच्या बिर्याणीवर आणि संध्याकाळी भूक दुप्पट होते. सहेरीत बरकत आहे, असं सांगितलं गेलं आहे आणि त्यामागचं आहारशास्त्रही सरळ आहे. ज्वारी किंवा नाचणीची भाकरी, अंडं किंवा डाळ, एक वाटी दही, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम आणि एक फळ हे सगळं हळूहळू पचतं आणि दुपारपर्यंत साथ देतं. पराठा-चहा-खारी ही त्रिमूर्ती अकरा वाजता साथ सोडते. चहा कमी घ्यावा. लोणचं, पापड, फरसाण टाळावं, मीठ तहान वाढवतं. पाणी इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडं थोडं प्यावं, शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर नव्हे. आणि इफ्तारनंतर पहिली आठवण सिगारेटची आणि गुटख्याची होत असेल, तर तेरा तास जी गोष्ट सोडता येते, ती चोविसावा तासही सोडता येते, एवढंच लक्षात ठेवावं.

मधुमेह असलेल्यांसाठी

इथे शब्द तोलून वापरायला हवेत. २००१ मध्ये १३ देशांतल्या १२ हजारांहून जास्त मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे ठेवले होते. त्यांच्यात साखर गंभीरपणे खाली जाऊन रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण एरवीच्या महिन्यांच्या साडेसातपट झालं होतं. साखर चढण्याच्या घटनाही वाढल्या. कारण सरळ आहे. गोळ्या आणि इन्सुलिन तेच, तितकंच, पण जेवणाच्या वेळा उलट्या.

म्हणून रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं सांगतात. राहिलं असेल तर आज जावं. औषधांच्या वेळा आणि मात्रा स्वतः बदलू नयेत. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा त्याच क्षणी सोडायचा. अजानीला दहा मिनिटं उरली असली तरी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळ ही लक्षणं दिसली, तरी तेच. टाइप १ मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, अशांनी तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय रोजा ठेवू नये.

कुरआनने आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून सवलत दिली आहे. बरं झाल्यावर रोजा भरून काढता येतो. ज्यांना कधीच शक्य नाही, त्यांनी प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालावं, याला फिदया म्हणतात. ही सवलत लाजेची गोष्ट नाही, ती अल्लाहची देणगी आहे. देणगी नाकारण्यात कसली परहेजगारी? घरातल्या तरुणांनी हे अब्बांना, दादीला प्रेमाने आणि ठामपणे सांगायला हवं. "लोक काय म्हणतील" यासाठी कोणी बेशुद्ध पडू नये.

ताट एकाचं, गोष्ट सगळ्यांची

नवी मुंबईत जकातीच्या आणि सदक्याच्या पैशांतून गरीब कुटुंबांना रेशनचे संच वाटले जातात. त्यांत तांदूळ, मैदा, साखर, तेल आणि शरबताची बाटली हमखास असते. जे कुटुंब महिनाभर त्या पिशवीवर जगतं, त्याचं ताट आपणच ठरवत असतो. मशिदींच्या कमिट्यांनी आणि देणगीदारांनी पिशवीत दोन बदल करावेत. मैद्याच्या जागी ज्वारीचं पीठ, आणि साखर व शरबताच्या पैशांत काळे चणे, मसूर, शेंगदाणे आणि थोडे जास्त खजूर. खर्च फारसा वाढत नाही. मंद दाहाचे आजार गरिबांना परवडत नाहीत. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीन दिवस गेले, की रिक्षा चालवणाऱ्याची रिक्षा उभी राहते आणि मुलाची फी थांबते.

शेजाऱ्यांसाठीही एक विनंती. इफ्तारला बोलावलं, की अनेक हिंदू मित्र प्रेमाने मिठाईचा डबा घेऊन येतात. पुढच्या वेळी पेरू, पपई किंवा भिजवलेल्या कडधान्यांची उसळ आणा, दस्तरखानावर तिचं स्वागतच होईल. आणि आम्ही तुमच्याकडे ईदचा डबा पाठवू, तेव्हा शीरखुर्म्यात साखर कमी आणि खजूर-बदाम जास्त घालू. ईद एक दिवसाची असते, त्या दिवशी वाटीभर शीरखुर्मा सगळ्यांनी खावा. अल्लाहने आनंदावर बंदी घातलेली नाही.

हावेला लगाम घालायला शिकवणारा हा महिना आहे. दिवसभर आपण ते शिकतो. संध्याकाळी कढईसमोर उभं राहिल्यावर त्याचा पहिला पेपर असतो. आज भज्यांचा घाणा अर्धा करा, चण्यांची वाटी दुप्पट करा आणि उद्या शिंप्याची टेप घेऊन घरातल्या सगळ्यांच्या कमरा मोजा. आकडा लिहून ठेवा. ईदनंतर पुन्हा मोजा.